आर्वीत गीर नको, गवळाऊ घे

इंदूर

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. आर्वीच्या शेतावर दोन गीर गाई आणायच्या म्हणतोस. गाई अवश्य आण, पण गीर नको रे. गवळाऊ ही देशी जात तर तुझ्याच वर्धा जिल्ह्याची!

माझा हा हट्ट का, ते सांगतो. परवा सांवेरकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बसलो होतो. त्याची माळवी, म्हणजे इथल्या माळव्याच्या जातीची गाय, माजावर आलेली. पांढरी-करडी, नाक काळंभोर, शिंगं बाहेर झुकून वर वळलेली. नुसतं बघत राहावं असं जनावर! कृत्रिम रेतन करून गाय भरवणारा मोटरसायकलवरून आला, नायट्रोजनच्या डब्याचं झाकण काढलं, चिमट्याने वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी उचलून कोमट पाण्यात धरली. ''गीर चलेगी ना, दादा?'' ''चलेगी.'' संपलं. माळवीची कांडी त्याच्याकडे नव्हतीच, आणि कुणी मागितलीही नाही.

होणाऱ्या कालवडीत माळवी निम्मी उरेल. तिलाही गीरच भरवली की पाव. विदेशी जर्सी-होल्स्टीनच्या नावाने आपण बोटं मोडतो, इथे मात्र देशी गाईच्या हौसेपायीच देशी जात बुडते आहे. जीव तुटतो बघ.

शेतकऱ्याला तरी काय बोलू? माळवी मुळात कामाची जात. दूध वेताला ९०० लिटरच्या आसपास, गीर त्याच्या दुपटीवर. ट्रॅक्टर आला, बैल गेला. सोयाबीन वाढलं तशी ज्वारी आटली, कडबा महागला. गोऱ्हे कुणी ठेवत नाही, मग गावाला वळू मिळणार कुठून? गीरची मला चिंता नाही, तिचे कळप ब्राझीलमध्येसुद्धा आहेत. माळवीला माळव्याबाहेर कोण सांभाळणार?

गवळाऊचंही तसंच. चपळ, विदर्भाचं ऊन सोसणारी; दूध बेताचं, पण तुझ्या घराला पुरेल. हेटीकुंडीचं सरकारी पैदास प्रक्षेत्र गवळाऊसाठीच आहे, आधी तिथे जाऊन ये. दोन्ही गाई एकाच दावणीच्या घेऊ नकोस आणि कुठल्या वळूच्या आहेत ते लिहून ठेव, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास होणार नाही. भरवताना स्वतः उभा राहा, कांडी गवळाऊचीच आहे ना ते विचार.

आणि गोऱ्हा झाला तर विकू नकोस. आसपासच्या गवळाऊंना तोच वळू होईल. त्याच्याच कालवडी माजावर यायच्या आत मात्र लांबच्या गावच्या गोऱ्ह्याशी अदलाबदल कर. त्याच्या चाऱ्याचा निम्मा खर्च माझा. दिवाळीनंतर येतोच आहे, तेव्हा सोबत गाई बघायला जाऊ. तोवर कुणाला बयाणा देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवी