कार्डावर एकच नाव

पुणे, रविवार

प्रिय अव्या,

तीन महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा जुनाच.

फोन केला असता, पण तू मध्येच भांडतोस. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या कार्डाचा मजकूर छापण्याआधी तपासायला आलाय. 'अयोध्येचा राजा' (१९३२): संगीत गोविंदराव टेंबे. 'संत तुकाराम' (१९३६): केशवराव भोळे. 'माणूस' (१९३९): मास्टर कृष्णराव. चूक एकही नाही, तरी प्रत्येक सिनेमापुढचं ते एकच नाव खटकतंय.

चाल त्यांची, मान्य. पण चाल म्हणजे गाणं नव्हे. प्रसंग मोजायचा फुटांत. फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे तीन मिनिटांचं गाणं २७० फूट. दिंडी दाराशी पोचायच्या आत अंतरा संपला की मधला तुकडा वाढवा. तो तालमीत सुचणार एखाद्या पेटीवाल्याला, नाहीतर साहाय्यकाला. पेटीवाला सरगम लिहिणार, व्हायोलिनवाल्याला पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन हवं, मग उतरवून देणारा आणखी एक. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठल्याच कागदावर नीट येत नाही, ती गाऊनच दाखवायची.

पार्श्वगायन रुळण्याआधी तर पंचाईतच. नट कॅमेऱ्यासमोर गातोय, वाजवणारे चौकटीबाहेर, माइक एक. आवाज कमी-जास्त करायचा तर माणसंच सरकवायची. तबला पुढे आला की शब्द बुडाले, पेटी फार मागे गेली की नटाचा सूर सुटला. ("तबला पुढेच हवा" म्हणून तीन दिवस अबोला कुणी धरला होता?) आवाज फिल्मवर उमटायचा, ती धुऊन आल्याशिवाय ऐकायची सोय नाही. शेवटच्या ओळीत सारंगीची तार उतरली की २७० फूट पाण्यात. कोण माइकपासून किती हातांवर बसणार, हे ठरवणारा ध्वनिमुद्रक संगीत करत नव्हता असं कसं म्हणू? कलकत्त्याला 'धूप छाँव'वर (१९३५) संगीताला निदान रायचंद बोराल आणि पंकज मलिक अशी दोन नावं तरी आहेत.

आणि 'कुंकू' (१९३७)! गाणी केशवरावांची, पण पार्श्वसंगीत नाहीच, नुसते खरेखुरे आवाज. ती शांतता कुणाच्या नावावर घालू? "दिग्दर्शक व्ही. शांतारामांच्या, नावातच आहे," म्हणशील. तुझा हा विनोद १९९० सालापासून ऐकतोय. तिकडे 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलं आणि लोकांनी परस्पर तुकोबांना देऊन टाकलं!

गुरुवारी कार्ड छापायला जातंय. 'संगीत' खोडून 'चाल' लिहू? केशवरावांच्या नावाला हात लावायला धजत नाही, आणि बाकीच्यांची नावं माझ्याकडे नाहीत. बुधवारच्या आत कळव.

वहिनींचा क्लास सुरू झाला का? चिन्मयला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे पोस्टानं चालतील.

तुझा,
बापू

ता. क. तू पाठवलेल्या सिनेमाच्या प्रतीवरून तंबोरा लावू नकोस. सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ नं उतरवलेली दिसते, त्यामुळे गाणं जवळपास पाऊण पट्टी चढलंय. गाणारीचा गळा उगाच ताणला जाईल.