फवारणीचा पंप वावरात बंद पडते, त्याबद्दल पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

बोंडअळीवर कोणतं औषध किती मिली मारायचं हे तुमच्या पेपरात दरवर्षी येते, आम्ही वाचतो, कामी पण पडते. पण ते औषध ज्या जुन्या पेट्रोलच्या पंपाने मारतो त्याच्याबद्दल एक ओळ कधी दिसली नाही, म्हणून हे लिहितो आहे, जमलं तर पेरणीच्या आधी छापा.

आमचा पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप नऊ वर्षं जुना आहे. मागच्या खरिपात त्याचं एकच रडगाणं होतं, सकाळी दोनदा दोरी ओढली की चालू, दहा मिनिटं मस्त चालणार, मग पऱ्हाटीच्या मधोमध आवाज बसत जाणार, फवारा मंदावणार आणि बंद. पाच-सात मिनिटं धुऱ्यावर ठेवला की पुन्हा चालू. तीनदा तालुक्याला नेला, पहिले प्लग बदलला, मग कार्बोरेटर साफ केलं, शेवटी सांगितलं बोअर-पिस्टन टाका नाहीतर नवीन घ्या. भाच्याने घरी पाहिलं तर पेट्रोल टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र चिखलाने बुजलेलं. पेट्रोल खाली गेलं की त्या छिद्रातून हवा आत यायला पाहिजे, ती आली नाही की टाकी पेट्रोल धरून ठेवते अन् इंजिन उपाशी मरते. थांबलं की हवा हळूहळू कुठून तरी शिरते म्हणून पुन्हा चालू होते. पंप दम सोडला की बंद करून खाली ठेवा, बिडी-काडी दूर, झाकण सैल करा, सुस्स करून हवा आत गेली तर समजा तेच आहे.

तिथं नसलं तर टाकीच्या आतली जाळी आणि नळी पाहा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते, जुनं रबर त्याने खराब होते, म्हणून मागच्या हंगामाचं डबकीतलं पेट्रोल टाकूच नका. प्लगला करंट देणारी कॉइल गेली असली तरी हुबेहूब हेच लक्षण, गरम झाली की स्पार्क जाते, थंड झाली की येते. आणि खरी फसगत इथेच होते, आपण पंप थंड करून दुकानात नेतो, तिथं स्पार्क चांगली दिसते अन् मेकॅनिक भलतंच बदलतो! त्याला म्हणा पहिले वीस मिनिटं औषधाच्या टाकीत पाणी भरून चालवा, बंद पडल्या पडल्या स्पार्क पाहा.

सुरुवातीपासूनच जोर नसेल तर गोष्ट वेगळी. सायलेन्सरच्या तोंडात काजळी धरली असते नाहीतर एअर फिल्टर धुळीने भरलेला, पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतणाऱ्याकडे काजळी हमखास. 25 ला 1 म्हणजे लिटरमागे 40 मिली टू-टी ऑइल, पण आपल्या मशीनवर काय लिहिलं तेच धरा. दोरी एकदम हलकी ओढली जात असेल तरच रिंग-पिस्टनचा विचार करा.

हे सगळं पैशासाठी नाही सांगत साहेब. मधोमध बंद पडला की माणूस मास्क खाली करतो, औषधाच्या हाताने प्लग काढतो, नळीला तोंड लावून फुंकतो, त्याच हाताने घाम पुसतो. माझ्या लहान भावाने तेच केलं, रात्री उलट्या अन् डोळ्यांची आग, दोन दिवस दवाखान्यात होता, वाचला. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर कास्तकार अन् मजूर गेले, तेव्हापासून मास्क, हातमोजे, चष्म्याबद्दल सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण बंद पडलेल्या पंपाशी भर उन्हात झटणाऱ्या माणसाच्या अंगावर ते टिकत नाहीत हे कोणी बोलत नाही.

तर दोन मागण्या. मे-जूनमध्ये आयटीआयच्या पोरांना घेऊन गावोगाव पंप तपासणी ठेवा असं कृषी विभागाला तुमच्या पेपरातून सांगा, पोरांचा हात बसेल आणि आमचे पंप नीट होतील. अन् फवारणीच्या प्रत्येक सल्ल्याखाली एवढं छापत जा की औषध कालवायच्या आधी पंप अंगणात साध्या पाण्यावर अर्धा घंटा चालवून पाहा, आणि वावरात बंद पडला तर पहिले हात साबणाने धुवा, मगच त्याला हात लावा.

आपला,
एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ