रेषा वरच्या लेयरवर ठेवा की!

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटरवर चित्र रंगवायची माहिती आली ती छान होती, पण लेयरबद्दल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांबद्दल, फक्त दोनच ओळी? अहो, खरी गंमत तर तिथेच आहे. स्कॅन केलेलं रेषाचित्र सगळ्यात वर ठेवायचं आणि त्याचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय करायचा, म्हणजे पांढरा कागद दिसेनासा होतो, काळ्या रेषा तेवढ्या राहतात, मग खालच्या लेयरवर कितीही रंग फासा, रेषेला धक्का लागत नाही. मी आधी सगळं एकाच लेयरवर बकेटने (एका क्लिकमध्ये बंद जागा रंगाने भरणाऱ्या साधनाने) भरायचो आणि रेषेच्या कडेला ती पांढरी किनार उरायची, वैताग नुसता! कारण रेषेची कड पूर्ण काळी नसते, करड्या पिक्सेलची, म्हणजे बारीक ठिपक्यांची, असते, तिथे बकेट अडतं. सिलेक्शन, म्हणजे निवडलेली जागा, एक-दोन पिक्सेल वाढवून खालच्या लेयरवर भरलं की किनार गायब. सावली मात्र वेगळ्या लेयरवर, क्लिपिंग मास्क (खालच्या लेयरवरच्या रंगापुरतीच सावली दाखवणारी सोय) लावून, नाहीतर रंग बाहेर सांडलाच समजा. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ पासून आहेत, आणि क्रिता, गिंप ही तशीच सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. पुढच्या वेळी स्क्रीनचे फोटो टाकून नीट छापा ना.

एक हौशी चित्रकार