सुटीचा निर्णय पहाटेपूर्वी व्हावा : आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

अतिवृष्टीच्या दिवशी मुंबईतील कार्यालये बंद ठेवायची की उशिरा उघडायची, याचा निर्णय आदल्या रात्री, फार तर पहाटे पाचपर्यंत जाहीर व्हावा आणि तो खासगी आस्थापनांनाही बंधनकारक असावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. आज हा निर्णय अनेकदा होतो तो कर्जत-कसाऱ्याकडून, विरार-पनवेलकडून निघालेला चाकरमानी गाडीत अडकून पडल्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी भांडुपहून फोर्टला जाताना आमची गाडी कुर्ला आणि शीव यांच्या दरम्यान थांबली. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या ओढून घेतलेल्या, दारात ओल्या छत्र्यांचे पाणी साचलेले, आणि महिलांच्या डब्यात जीव गुदमरलेला. बराच वेळ वाट पाहून बायका रुळांवर उतरू लागल्या. फलाट नसताना दारातून खडीपर्यंतची उंची जवळजवळ छातीइतकी असते आणि खाली गढूळ पाणी असले की पाय कशावर पडणार हेही दिसत नाही. शेजारच्या मावशी शीवला घरकामाला जात होत्या. त्यांनी आधी जेवणाच्या डब्याची पिशवी खाली दिली, मग दारात बसून, दोघींच्या खांद्यांवर भार टाकून त्या उतरल्या. सुटीचा संदेश आमच्या फोनवर आला तो त्यानंतर, आणि ती सुटीही सरकारी कार्यालयांपुरतीच होती. मावशींचा त्या दिवशी खाडा धरला गेला.

महोदय, पाऊस लहरी असला तरी मुंबई कधी तुंबणार याचा अंदाज बऱ्याच अंशी आधी करता येतो. शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची होती. पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे ठरले. त्याहून जोराचा पाऊस मोठ्या भरतीच्या वेळी झाला, तर समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून वाहिन्यांच्या तोंडाशी असलेले दरवाजे बंद ठेवावे लागतात आणि सारी भिस्त पंपांवर येते. रुळांवर पाणी चढले की सिग्नल आणि पॉइंटची (गाडीचा रूळ बदलण्याची) यंत्रणा बिघडून गाड्या थांबतात. कुर्ला, शीव, चुनाभट्टी ही ठिकाणे यासाठी वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक आहेत. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्यापूर्वीच प्रसिद्ध होते आणि हवामान खात्याचा इशारा बहुधा आदल्या दिवशी हाती असतो. मग निर्णयासाठी सकाळ उजाडण्याची वाट का पाहावी?

कधी इशारा चुकेल, लख्ख ऊन पडेल आणि कामाचा दिवस फुकट घालवला अशी टीका होईल. ती शासनाने सोसावी, असे मी आग्रहाने म्हणेन. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माणसे घराबाहेर होती म्हणून अडकली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तर पूरही आला नव्हता. अचानक सर आली, माणसे एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर आडोशाला थांबली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. अरुंद पूल हे त्याचे मोठे कारण होतेच, परंतु पावसाने खोळंबलेली गर्दी किती थोड्या वेळात जीवघेणी होते, हेही तेव्हा दिसले.

खासगी कंपन्यांना केवळ आवाहन करून भागत नाही. आवाहनाने संगणकावर काम करणाऱ्यांची सोय होते. दुकानातील कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची होत नाही. म्हणून अशा दिवशी लेटमार्क, पगारकपात किंवा खाडा धरू नये, हे आदेशातच स्पष्ट लिहिलेले असावे. घरकामगारांच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी कठीण आहे हे मी जाणते. तरीही मालकिणीपुढे दाखवायला कागद असणे त्यांच्यासाठी मोलाचे आहे. ज्यांना जावेच लागते, त्या परिचारिकांना, सफाई कामगारांना आणि बसचालकांना इतरांच्या घरी थांबण्याने गाडीत उभे राहायला जागा तरी मिळेल.

निर्णय कोण घेणार, किती वाजता घेणार आणि पावसाच्या व भरतीच्या कोणत्या आकड्यांवर घेणार, हे ठरवणारी कार्यपद्धती मेअखेरपर्यंत जाहीर करावी आणि निर्णयाचा संदेश साध्या फोनवरही मराठीतून पोहोचेल अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपली,
भांडुप येथील एक नोकरदार प्रवासी