पुण्याची मोरी, सोलापूरचा नळ : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझं सासर पुण्यात, माहेर सोलापुरात. दोन्ही घरांमध्ये अडीचशे किलोमीटर अंतर आहे आणि एक नदी आहे. मी इथे कपडे धुते, ते पाणी गटारातून मुठेकडे जातं. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत येऊन अडते. सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी. म्हणजे मी जे ओतते ते फिरून आईच्या माठात जातं. वाटेत शुद्धीकरण केंद्रं आहेत, मान्य. पण सगळं सांडपाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात भिगवणला गाडी थांबवून धरणाचं पाणी पाहावं. त्यावर हिरवी साय धरलेली असते.

आपलं सरकार आम्हाला ‘पाणी जपून वापरा’ असं सांगतं. जपून म्हणजे किती? विजेच्या बिलावर युनिट छापलेले असतात, गॅसची टाकी किती दिवस गेली हे कॅलेंडरवर लिहिता येतं. पाण्याचं तसं नाही. आमची पाणीपट्टी घराच्या करपात्र मूल्यावरून ठरते, वापरावरून नाही. माणशी १३५ लिटर हे शहरांसाठीचं मानक मी वाचलं आहे, पण आमच्या घरात ते पाळलं जातं की दुप्पट होतं, हे मला कुठलाच कागद सांगत नाही.

म्हणून मी आठवडाभर स्वतःच मोजलं. आंघोळीच्या बादल्या, भांड्यांचं टब, मशीनच्या फेऱ्या वहीत लिहिल्या. हिशेब बिघडवला तो फ्लशने. जुनी टाकी, एका वेळी दहा लिटर. पाण्याने भरलेली लिटरची बाटली टाकीत उभी केली. चौघांच्या घरात दिवसाला एक बादली तिथेच वाचली. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरतात. तेव्हा ही बादली धरणातही राहिली आणि गटारातही गेली नाही. आपल्याकडे पाणी वाचवणं एका खात्याचं आणि नदी स्वच्छ ठेवणं दुसऱ्याचं. घरात मात्र ते एकाच नळावर असतं.

आरओच्या यंत्राचंही मोजलं. एक तांब्या पिण्याचं, तीन तांबे मोरीत. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, मुळातच मऊ. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. दुकानदाराने आम्हाला टीडीएस विचारला नाही, आम्हीही नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आता त्या नळीखाली बादली असते आणि फरशी त्याच पाण्याने पुसतो.

धुण्याच्या पावडरीचं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. काही पावडरींत फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेट हे शेवाळाचं, म्हणजे उजनीवरच्या त्या हिरव्या सायीचं खत, शाळेतलं पोरही सांगेल. दुकानात मी पाच पाकिटं उलटून पाहिली. सुगंध, डाग, हातांना मऊ, सगळं छापलेलं होतं. फॉस्फेट आहे की नाही, ते एकावरही दिसलं नाही. हा विषय केंद्राचा आहे, हे ठाऊक आहे. पण शिफारशीचं पत्र लिहायला आपल्याला कोण अडवणार? तोवर मी पावडर निम्मी केली आहे. कपड्यांनी तक्रार केलेली नाही. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये न ओतता कागदात टिपून कचऱ्यात टाकते, आणि जुन्या औषधांच्या बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या करणं बंद केलं आहे. एवढंच माझ्या हातात.

सोसायटीचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र माझ्या हातात नाही. इमारतीच्या परवानगीसाठी ते बसवलं गेलं. वीजबिल वाढतं म्हणून समितीने ते बंद ठेवलं आहे. तपासणीची कुणकुण लागली की मोटार घुमते. त्या यंत्राचं पाणी बागेला आणि फ्लशला वापरता आलं असतं. तेवढं धरणातलं पाणी आमच्याकडून सुटलं असतं, आणि आम्ही टँकरही मागवला नसता.

आता सोलापूर. तिथे रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. आईच्या घरात पाणी मोरीपर्यंत कधी एका दमात जात नाही: तांदूळ धुतलेलं तुळशीला, कपड्यांचं शेवटचं खंगाळलेलं पाणी संडासात. आणि तीच आई, नळ आला की मागच्या वेळी भरून ठेवलेले हंडे अंगणात ओतते. का? तर ते ‘शिळं’ झालं. गल्लीत सगळ्याच बायका ओततात. याला अडाणीपणा म्हणू नका. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस आधी गरजेपेक्षा जास्त साठवतो आणि मग साठवलेलं टाकतो. कराडजवळच्या मलकापुरात मीटर लावून २४ तास पाणी दिलं, त्याला दशक उलटून गेलं. नळ कधीही उघडला तरी पाणी आहे म्हटल्यावर कोण कशाला हंडे भरून ठेवील आणि ओतून देईल?

तेव्हा पुढच्या जल दिनाच्या फलकांचा खर्च आपण प्रत्येक घराच्या मीटरकडे वळवावा. बिलावर लिटर छापावेत, आणि त्याखाली १३५ हा आकडा. शेजारच्या घरापेक्षा आपलं पाणी जास्त हे बिलातच दिसलं की पुणेकर काय करतात ते बघा. आम्हाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही. आणि सोसायट्यांच्या त्या बंद यंत्रांना विजेचं वेगळं मीटर लावा, म्हणजे ती किती चालली हे तपासणीविना कळेल.

आमच्या इमारतीत मीटर कधी लागतील, तेवढी तारीख कळवावी.

आपली,
पुण्यातली एक सोलापूरकर