शिरस्त्राणांखाली लिहायचं राहून गेलेलं नाव

काका,

नमस्कार. तुमचं नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत. कारणही सांगितलंत, "मंग सारे पोट्टे येतीन फुकटात इचाराले." म्हणून नाव लिहीत नाही. नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतले, चितारओळीतले काका एवढंच लिहितो. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

हे पत्र उघडपणे लिहायला एक कारण आहे. जूनमध्ये आमच्या नाटकाचा प्रयोग झाला, त्याच्या पत्रकावर 'शिरस्त्राणे' या शब्दापुढे फक्त माझं नाव छापलं होतं. प्रयोगानंतर एका ज्येष्ठ नटानं ते शिरस्त्राण हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "हे तू केलंस?" मी "हो" म्हणालो. तुम्ही तेव्हा दाराशी नातीला चपला घालून देत होता. तुम्ही ऐकलंत की नाही, माहीत नाही. मी मात्र ऐकलं, आणि ते काही केल्या कानातून जात नाही.

तर आता खरं काय झालं ते सांगतो.

भोसल्यांच्या काळातल्या सहा शिपायांना सहा शिरस्त्राणं हवी होती. अजब बंगल्यातल्या, म्हणजे आपल्या संग्रहालयातल्या, शस्त्रांच्या दालनात दोन रविवार उभा राहून मी वहीत चित्रं काढली, घरी प्लास्टरच्या डोक्यावर मॉडेलिंगच्या मातीत एक शिरस्त्राण घडवलं. नाकपट्टी, कडेला रिव्हेटची रांग, वर तुऱ्याची नळी. घडवणं मला जमतं, एवढा भाव मी खातो. त्यानंतर त्याचा साचा घ्यायला ऑनलाइन मागवलेलं महागडं प्लॅटिनमवालं सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या जोरावर धरणारं रबर, कालवलं, ब्रशनं फासलं आणि झोपलो. सकाळी पाहतो तर वरून रबर, आतून गुळाचा पाक. मातीला लागून असलेला सगळा थर चिकट, दोन दिवसांनीही तसाच. तो खरवडताना अर्धे रिव्हेट हातात आले.

पिशवीत तो राडा घेऊन मी तुमच्याकडे आलो. तसा कामाचा संबंध काहीच नव्हता. लहानपणी आमचा गणपती तुमच्या दुकानातून यायचा, तेवढी ओळख. तुम्ही मातीचा गोळा नाकाशी नेलात, वास घेतलात आणि म्हणालात, "यात गंधक हाय. तुह्या त्या महागाच्या रबराले गंधक चालत नाही." संपलं. आठवडाभर मी ज्यावर डोकं फोडत होतो, ते तुम्ही नाकानं सोडवलं. प्लॅटिनमचं सिलिकॉन गंधकानं अडतं, नीट धरतच नाही. कथिलाच्या जोरावर धरणाऱ्या, कथिलवाल्या सिलिकॉनला त्याचं काही वाटत नाही. ते थोडं आकसतं आणि काही वर्षांत त्याचा साचा कडक होऊन फाटायला लागतो, पण सहा नगांना उरून पुरतं. "आन यापुढं कोणतंबी रबर असो, आधी चमचाभर मातीच्या तुकड्यावर लावून पाह्य." ही एक ओळ मला आधी कोणी सांगितली असती तर खिशाला एवढी चाट बसली नसती.

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीसच्या वर. नव्या कथिलवाल्या रबराच्या डब्यावरच्या कागदात लिहिलेलं, कालवल्यावर पंचवीस अंशाला कामाला अर्धा तास मिळतो. आमच्या घरच्या गच्चीवरच्या खोलीत दहा-बारा मिनिटांत ब्रश वाटीत उभा राहायचा. मी हुशारी केली, कॅटॅलिस्ट, म्हणजे रबर धरायला लावणारं द्रव, कमी टाकलं. तुम्ही रागावलात तेवढं एकदाच. कॅटॅलिस्ट कमी केलं तर रबर मऊ राहतं, साचा नंतर ओढताना फाटतो. प्रमाण शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम सांगितलं तर तीनच. गरम होतंय तर रबर थंड करायचं, प्रमाणाला हात लावायचा नाही. म्हणून डबा रात्रभर माठाशेजारी ठेवायचा, पहाटे पाचला काम सुरू करायचं, एका वेळी दीडशे ग्रॅमच्या वर कालवायचं नाही. आणि कूलर बंद. हे मला सगळ्यात जड गेलं. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणाऱ्या माणसाचं मी दुसऱ्या कशासाठीही ऐकलं नसतं. पण ओल्या हवेत हे रबर आणखी लवकर धरतं, हे मी दुसऱ्या दिवशी कूलर चालू ठेवून स्वतः पाहिलं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

दीडशे ग्रॅमला साडेचार ग्रॅम मोजायचे म्हणजे घरचा किराणा काटा कामाचा नाही. तुम्ही आतून सोनारी काटा काढून दिलात, इतवारीच्या सराफ्यातून कधीकाळी घेतलेला. म्हणालात, "सोनं नाही आलं घरी, काटा आला."

पहिला थर तुम्ही माझ्याकडून करवून घेतलात, तेव्हा तुमच्याकडे गणपतीच्या चौकटी रांगेनं उभ्या होत्या आणि दोन कारागीर गावी गेले होते. तरी स्टूल ओढून बसलात. मी ब्रश फिरवायला लागलो तर हात धरलात. "भिंतीले चुना मारून राह्यला काय? घासू नको. थोपट." तुम्ही त्या ब्रशचे केस कात्रीनं बोटाच्या पेराएवढे कापले होते. त्या आखूड ब्रशनं रिव्हेटच्या भोवती, नाकपट्टीच्या खाचेत एकेक टिंब टेकवत जायचं. मग सायकलच्या पंपाचं तोंड जवळ धरून हलकेच फुंकायचं. मला आठवतं, डाव्या कडेच्या तिसऱ्या रिव्हेटपाशी एक बुडबुडा होता, मोहरीपेक्षा लहान. पंपाच्या हवेनं तो हलला, रबराचा पातळ पडदा फुगला, फुटला, आणि त्या जागी रिव्हेटची कड स्वच्छ दिसली. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं पुढच्या रिव्हेटकडे बोट केलंत. हा पहिला थर पातळच ठेवायचा, कारण शिरस्त्राणावर जे काही बारीक दिसणार ते त्याच्यात उतरतं. पुढचे थर फक्त त्याला सांभाळायला.

पुढचा थर कधी लावायचा, यावर मी घड्याळ पाहत होतो. तुम्ही करंगळी लावायला शिकवलंत. बोटाला चिकटलं पाहिजे, पण बोटावर आलं नाही पाहिजे. तेव्हाच दुसरा. दुसऱ्यात चिमूटभर निळा रंग, म्हणजे खालचा पांढरा कुठं उघडा राहिला ते दिसावं. तिसऱ्या आणि चौथ्यात दाट करणारं द्रव घालून श्रीखंडाइतकं घट्ट, म्हणजे उभ्या बाजूवरून ओघळत नाही. कडेला गॉजची पट्टी, कारण साचा ओढताना कडेपासूनच फाटतो. नाकपट्टीमागची खोल खाच घट्ट रबरानं बुजवून उतार करून टाकायचा, नाहीतर वरचं प्लास्टर तिथं अडकतं. सगळं मिळून जाडी सहा ते आठ मिलिमीटर, रबर दीड किलोच्या आसपास. वर रबराचेच चार-पाच ठोकळे चिकटवले, प्लास्टरच्या कवचात रबर दर वेळी त्याच जागी बसावं म्हणून.

कवचाचं काम बरंचसं तुम्हीच केलंत, मी हाताखाली होतो, एक बाजू तेवढी माझ्या हातची. मधोमध मातीची भिंत, एक बाजू पीओपी आणि काथ्याची, मग भिंत काढून त्या कडेला व्हॅसलीन, मग दुसरी बाजू. कडांना भोकं पाडून नटबोल्ट. काथ्या भिजवून पिळताना तुम्ही मारबतीची गोष्ट काढलीत. काळी मारबत, म्हणजे नागपुरातल्या मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, 1881 पासून निघते, दरवर्षी नवी घडवायची आणि दरवर्षी जाळायची, तिला कोण साचा करणार? "तुले सहा पाह्यजेत म्हणून हे सारं." ते बोलता बोलता तुम्ही काथ्या इतका सारखा पसरलात की माझ्या बाजूचं कवच आजही तुमच्या बाजूपेक्षा दीड बोट जाड आहे.

फायबरची सहा शिरस्त्राणं मी एकट्यानं काढली, जेलकोट, म्हणजे रेझिनचा पहिला गुळगुळीत थर, आणि त्यावर काचतंतूच्या मॅटचे दोन थर, एवढंच. पहिलं निघालं तेव्हा कवचाचे दोन भाग सुटले, रबर मोज्यासारखं उलटत गेलं आणि आतून रिव्हेटची रांग अख्खी आली. मी रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "नाकपट्टी पाह्यली का?" पाहिली होती. तीही आली होती.

प्रयोगाला तुम्ही नातीसकट तिसऱ्या रांगेत बसलात. मध्यंतरात एवढंच बोललात, "डोक्यावर बसली चांगली. पाचव्याचं जरासं वाकडं हाय." पाचव्याच्या वेळी रबराचा साचा मी कवचात घाईनं बसवला होता, ठोकळा खाचेत गेलाच नव्हता. सभागृहात चारशे माणसं होती, दुसऱ्या कोणाला ते दिसलं नाही.

पुढच्या प्रयोगाचं पत्रक मी आधीच छपाईला दिलंय. 'शिरस्त्राणे' या शब्दापुढे आता दोन जण आहेत. एक मी, आणि माझ्या आधी 'चितारओळीतले काका'. नाव नाही टाकलं. पोट्टे आले तर माझ्याकडे पाठवा, गंधकाची गोष्ट मीच सांगीन.

ते वाकडं पाचवं शिरस्त्राण तुमच्या नातीनं मागितलंय, ते तिचं. साचा तुमच्या माळ्यावर ठेवीन म्हणतो, आमच्या गच्चीवरच्या उन्हात तो टिकायचा नाही. आणि तुमचा सोनारी काटा अजून माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन येतो. त्याच्या ताटलीच्या काठावर वाळलेलं सिलिकॉन मी काढलेलं नाही. ते नखानं धरून सालीसारखं अख्खं ओढायला तुम्हाला किती आवडतं, ते मी पाहिलंय.

तुमचा,
पहाटे पाचला कूलर बंद करणारा पोट्टा