गोधडी आणि परसबाग शिकवणाऱ्या मावशींस जाहीर आभारपत्र

आदरणीय मावशी,

साष्टांग नमस्कार.

यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या ओसरीवर तुमच्या देखरेखीखाली शिवलेली गोधडी अंथरली होती. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी ती कोणत्या प्रदर्शनातून घेतली असे विचारले आणि घरीच शिवली असे सांगितल्यावर, शिकवले कोणी, हा पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुम्ही शिकवल्याचे पैसे कधी घेतले नाहीत; साडी देऊ केली तर 'जुनी असंल तर द्या, वाकळंला हुईल' असे म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेलीत. तेव्हा निदान चार लोकांसमोर तुमचे आभार मानावेत, असे ठरवून हे पत्र लिहीत आहे. तुम्ही आता मुलाकडे राहायला गेला आहात, त्यामुळे नात ते तुम्हाला वाचून दाखवील अशी आशा आहे.

मी तुमच्याकडे आले होते ती टाके शिकायला. तुम्ही मात्र सुई हातात देण्याआधी मला कापड निवडायला बसवलेत. सासूबाईंच्या ट्रंकेतली लुगडी, सासऱ्यांची धोतरे, मुलांची झबली आणि शिंप्याकडून आणलेले तुकडे असा सगळा ढीग जमिनीवर ओतला आणि प्रत्येक कापड बोटांत धरून पाहायला लावलेत. शंका आली की एक धागा ओढून काडीने पेटवायचा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते, टेरिकॉटमधला कृत्रिम धागा मात्र वितळतो आणि त्याची कडक गुठळी उरते. कृत्रिम कापड घाम शोषत नाही आणि शिवताना घसरते, म्हणून त्याची रवानगी थेट पायपुसण्यांच्या पिशवीत झाली. लाल आणि निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके चोळून रंग उतरतो का ते पाहिले. कोरे कापड धुऊन, त्याची खळ काढून, आटवून मगच ढिगात घेतले.

खरे शिक्षण झाले ते लुगडे उन्हात धरल्यावर. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते, परंतु त्याचा कस सगळीकडे सारखा राहत नाही. बसण्याउठण्याचा भाग इतका विरलेला असतो की त्यातून पलीकडचे माणूस दिसावे, तर काठ कितीही वर्षांनी ताठ असतात. विरलेले पोटात, धड ते वर आणि काठ कडेला, एवढ्या तीन शब्दसमूहांत तुम्ही गोधडीची सगळी मांडणी सांगून टाकलीत. विरलेले कापड टाकून देण्याजोगे नसून पोटात घालण्याजोगे असते आणि गोधडीचा मऊपणा त्यातूनच येतो, हे तोवर माझ्या डोक्यात आले नव्हते.

शिवण्याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ते हातानेच कळते. थर अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, मधून बाहेरच्या दिशेने लांब कच्चे टाके घालायचे म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते, आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशा बोटभर अंतरावरच्या रांगांनी धावदोरा घालत मध्यावर यायचे. दोरा हातभरच घ्यायचा, त्याला मेण लावायचे, बोटात अंगुस्तान घालायचे. टाका ओढून धरला तर कापड गोळा होते, सैल सोडला तर त्यात झोपणाऱ्याच्या पायाचे बोट अडकते. पुढे कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया शिवतात त्या कवंदी नावाच्या गोधडीबद्दल वाचले, तेव्हा त्याही कडेपासून मध्याकडे शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात, हे समजले. तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यांना फुले नसतात. पण मध्यावर पोचल्यावर उरलेल्या दोऱ्यातून तुम्ही जे लहानसे स्वस्तिक काढता, ते मला अजूनही तुमच्याइतके सरळ जमत नाही.

हे सगळे फाल्गुन-चैत्रातच का करायचे, याचे कारण तुमच्या गावाकडच्या रहाटीत होते. रब्बीची काढणी झालेली असते, पाऊस लांब असतो, दुपारी बाहेर पडवत नाही आणि धुतलेली जाड गोधडी एका दिवसात वाळते. नेमका तोच काळ परसबागेच्या कसोटीचा असतो. वसंत म्हटले की लोकांना कोकीळ आणि पालवी आठवते. आमच्या परसात मात्र वसंत म्हणजे कोवळ्या वेलांना उन्हाच्या तडाख्यातून पार पाडणे. माघात लावलेले दोडका, दुधी आणि काकडीचे वेल तेव्हा मांडवाच्या निम्म्यापर्यंत आलेले होते, आणि सकाळी गोधडी शिवायला आलेल्या तुम्ही कापडाच्या ढिगातूनच एकेक वस्तू उचलून बागेत नेऊ लागलात.

गोधडीच्या पोटातही घालता येणार नाही असे जाळीदार झालेले लुगडे तुम्ही मिरचीच्या रोपांवर सावलीला बांधलेत. काठाच्या उरलेल्या अरुंद पट्ट्यांनी वेल काठीला बांधताना एक वेढा काठीला, एक वेढा वेलाला आणि मध्ये सैल पीळ ठेवायला शिकवलेत, म्हणजे खोड जाड झाले तरी काचत नाही. सुतळीने किंवा तारेने ते कापले जाते. मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात ओवलीत आणि ते मडके दुधीच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलेत. अगदीच बोटाएवढे सुती तुकडे पाचोळ्याबरोबर खताच्या खड्ड्यात गेले, कारण सूत कुजते. टेरिकॉटचा एकही तुकडा त्यात जाऊ नये म्हणून मात्र तुम्ही स्वतः खड्डा उकरून पाहत होता. पाचोळ्याची माती करण्याची पद्धत मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटामुळे ऐकून माहीत होती, परंतु त्या खड्ड्याला सदऱ्याची कॉलरही खायला घालता येते, हे तुमच्याकडून कळले.

पाणी घालण्याच्या बाबतीतही तुमचा भरवसा बोटांवरच होता. माती वरून कोरडी दिसली म्हणून लगेच झारी उचलायची नाही. बोट दोन पेरे आत घालायचे आणि आतही कोरडे लागले तरच पाणी द्यायचे. लुगड्याचा कस पाहणारी आणि मातीची ओल पाहणारी बोटे एकच आहेत, हे मला तुमच्या हातांकडे पाहून उमगले. दुधीची इवलीशी फळे पिवळी पडून गळू लागली तेव्हा मी खताचा विचार करत होते आणि तुम्ही दिवेलागणीला येऊन नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मागे बारीक फळ असलेल्या मादीफुलाला ते अलगद लावलेत. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि आपण मात्र बागेत सकाळी जातो, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलेत की मला प्रश्न विचारायलाही जागा उरली नाही.

एक गोष्ट मात्र येथे स्पष्ट लिहावीशी वाटते. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत. त्या काळी ठिगळ हे गरिबीचे लक्षण होते. आता तीच ठिगळे शहरातल्या दुकानांत चढ्या किमतीला विकली जातात आणि पॉलिएस्टरचा कापूस घालून यंत्रावर शिवलेल्या रजयांनाही गोधडी म्हणून खपवले जाते. हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा एक हातभर रांग स्वतः घालून पाहावी, असे मला वाटते. मावशी, तुम्ही पैसे घेतले नाहीत हा तुमचा मोठेपणा आहे. पण यापुढे कोणी गोधडी शिवून मागितली, तर कृपा करून आधी मजुरी ठरवा आणि मगच कापड हातात घ्या. एवढी एक गोष्ट शिष्येने गुरूला सांगितली तर रागावू नका.

वेलावर पूर्ण वाळू दिलेल्या दोडक्याचे बी जुन्या धोतराच्या पुरचुंडीत बांधून तुमच्या नातीकडे पाठवले आहे. मृगाचा पाऊस झाल्यावर ते लावावे. भाचीला बाळ होणार आहे आणि त्याच्यासाठी दुपटे शिवायला घेतले आहे. उन्हाळ्यातले बाळ असल्यामुळे त्याला दोनच पदर ठेवावेत की तीन, ते मात्र लवकर कळवावे, कारण कच्चे टाके घालायचे अजून थांबवून ठेवले आहेत.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी